‘कोडा’ : उरल्यासुरल्या गाण्यांचा नवा हिशेब

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या शहरांची सांस्कृतिक ओळख सांगताना गडकरी रंगायतन आणि आचार्य अत्रे रंगमंदिराचे नाव येते. फडके रोडवर दिवाळीच्या पहाटे जमणारी तरुणाई आठवते आणि १९९९ पासून डोंबिवलीत निघणारी नववर्ष स्वागतयात्राही आठवते. नाट्यसंगीत, भावगीत आणि शास्त्रीय मैफली यांवर पोसलेला हा श्रोतृवर्ग आहे. मात्र याच शहरांत, याच घरांत, गेल्या चार दशकांत पाश्चात्त्य रॉक संगीताचा एक निष्ठावान रसिकही घडला. त्याच्यासाठी गावात सभागृह नव्हते आणि रेडिओवरही त्याच्या वाट्याला फारसे काही येत नव्हते. मित्राकडून मित्राकडे फिरणाऱ्या कॅसेट, कोऱ्या फितीवर उतरवून घेतलेली गाणी आणि लोकलने काळा घोड्यापर्यंत जाऊन ‘ऱ्हिदम हाऊस’मध्ये केलेली खरेदी यांवर त्याचा संग्रह उभा राहिला. ते दुकान २०१६ मध्ये बंद झाले. संग्रह मात्र अनेकांच्या माळ्यावर अजून आहेत.

अशा संग्रहांत ‘लेड झेपेलिन’ या ब्रिटिश बँडला मानाचे स्थान असते. चौथा अल्बम असतो, ‘फिजिकल ग्राफिटी’ असतो, दुसरा आणि तिसराही असतो. बहुतेकदा नसतो तो ‘कोडा’. असलाच तर फारसा वाजवलेला नसतो. मोजक्या पैशांत एकच कॅसेट घेणाऱ्याने शिलकी गाण्यांचा अल्बम का निवडावा, हा तेव्हाचा प्रश्न रास्तच होता. पुढेही जगभरच्या चाहत्यांनी बँडच्या अल्बमांची क्रमवारी लावली, की शेवटची जागा जवळजवळ ठरल्याप्रमाणे ‘कोडा’ला मिळत असे.

गेल्या दशकात हे चित्र बदलू लागले. २०१५ मध्ये ‘कोडा’ची विस्तारित आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि या दुर्लक्षित अल्बमकडे चाहते पुन्हा वळले. मुंबई आणि तिच्या उपनगरांतील रसिकांना त्यात रस वाटण्याचे एक खास कारण आहे. या आवृत्तीत १९७२ साली मुंबईत, मुंबईच्या वादकांना घेऊन केलेली दोन ध्वनिमुद्रणे आहेत. त्यामुळे हा पुनर्विचार आता परदेशी बँडच्या एका पडेल अल्बमपुरता राहिलेला नाही. मुंबईच्या संगीताच्या इतिहासातील एक सुटलेले पानही त्यात उलगडते.

भरतवाक्य

‘लेड झेपेलिन’ची स्थापना १९६८ मध्ये लंडनमध्ये झाली. गिटारवादक जिमी पेज, गायक रॉबर्ट प्लांट, बास आणि कळफलकाची वाद्ये सांभाळणारा जॉन पॉल जोन्स आणि ड्रमवादक जॉन बॉनम असे हे चौघे. १९६९ ते १९७९ या काळात त्यांचे आठ अल्बम निघाले. ब्लूजची बैठक, लोकसंगीताचा ओलावा आणि ड्रमचा प्रचंड ठोका यांतून त्यांनी ‘हार्ड रॉक’ या प्रकाराला आकार दिला.

२५ सप्टेंबर १९८० रोजी बॉनमचे निधन झाले. तो अवघा ३२ वर्षांचा होता. दुसरा ड्रमवादक घेऊन पुढे जाण्याचा मार्ग मोकळा होता आणि व्यवसायाच्या दृष्टीने तो फायद्याचाही ठरला असता. उरलेल्या तिघांनी मात्र ४ डिसेंबर १९८० रोजी निवेदन काढून बँड थांबवत असल्याचे जाहीर केले.

‘कोडा’ हा त्यानंतरचा अल्बम. तो १९ नोव्हेंबर १९८२ रोजी बाजारात आला. पाश्चात्त्य संगीतात रचनेच्या अखेरीस येणाऱ्या समारोपाच्या भागाला ‘कोडा’ म्हणतात. संगीत नाटकाच्या शेवटी भरतवाक्य येते, तसे हे बँडचे भरतवाक्य होते. त्यात नवे काहीच नव्हते. १९७० ते १९७८ या काळात ध्वनिमुद्रित झालेली, पण आधीच्या अल्बमांत जागा न मिळालेली आठ गाणी पेजने निवडली, दुरुस्त केली आणि एकत्र बांधली.

यामागे दोन व्यावहारिक कारणे होती. ध्वनिमुद्रिका कंपनीशी झालेल्या करारानुसार बँडकडून अजून एक अल्बम येणे होते. दुसरे कारण चोरट्या ध्वनिमुद्रिकांचे. ‘लेड झेपेलिन’च्या न प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणांचा मोठा काळाबाजार तेव्हा चालत असे. ती गाणी अधिकृतपणे आणि चांगल्या आवाजात श्रोत्यांपर्यंत पोहोचवावीत, हाही हेतू होता.

नाराजी कशामुळे?

विक्रीच्या दृष्टीने ‘कोडा’ अपयशी नव्हता. ब्रिटनच्या यादीत तो चौथ्या आणि अमेरिकेच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेला. नाराजी वेगळ्या स्वरूपाची होती आणि तिची कारणे समजून घेण्यासारखी आहेत.

पहिले कारण लांबीचे. अल्बम जेमतेम ३३ मिनिटांचा आहे. ठाण्याला गाडीत चढून ऐकायला सुरुवात करावी आणि जलद लोकल भायखळ्याच्या आसपास पोहोचेपर्यंत तो संपून जावा, एवढाच त्याचा जीव. ‘फिजिकल ग्राफिटी’सारखा दोन तबकड्यांचा भरगच्च अल्बम देणाऱ्या बँडकडून हा निरोप अनेकांना त्रोटक वाटला.

दुसरे कारण एकसंधपणाचे. या बँडचे अल्बम सलग ऐकण्यासाठी बांधलेले असत. कोणत्या गाण्यानंतर कोणते गाणे यावे, कुठे आवाज चढावा आणि कुठे उतरावा, याचा बारकाईने विचार केलेला असे. ‘कोडा’मध्ये १९७० चा कोवळा, उसळता बँड आणि १९७८ चा थकलेला, बदलत्या काळाशी झगडणारा बँड शेजारी शेजारी बसले आहेत. आवाजाचा पोत गाण्यागणिक बदलतो.

तिसरे कारण शिक्क्याचे. उरलेसुरले म्हटले की ते कमी प्रतीचेच असणार, असे आपण गृहीत धरतो. एखाद्या लेखकाच्या निधनानंतर त्याच्या कपाटातली टिपणे छापली जातात, तेव्हा वाचक ती थोड्या संशयानेच हाती घेतो. ‘कोडा’वर हा शिक्का पहिल्याच दिवशी बसला आणि तीस वर्षे टिकला. मराठी घरात मात्र शिळ्या भाताला फोडणी दिली, तर तो ताज्याहून अधिक आवडीने खाणारेही असतात. फोडणी कशी दिली, यावर ते अवलंबून असते. चाहत्यांच्या नव्या पिढीने ‘कोडा’कडे साधारण याच नजरेने पाहिले आहे.

आठ गाणी, नऊ वर्षे

पुनर्विचार करणाऱ्यांचा मुख्य मुद्दा असा, की ‘कोडा’ हा नेहमीच्या अर्थाने अल्बम नाही आणि त्याला त्या मापाने मोजू नये. एका बँडच्या नऊ वर्षांतील आठ मुक्काम म्हणून तो ऐकला, तर त्याची संगती लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे मुक्काम जोडणारा धागा बॉनमचा ड्रम आहे. ज्याच्या मृत्यूने बँड संपला, त्याचेच हे व्यक्तिचित्र आहे.

सुरुवातीचे ‘वी आर गॉना ग्रूव्ह’ हे मूळ बेन ई. किंग आणि जेम्स बेथिया यांचे गाणे. ९ जानेवारी १९७० रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झालेल्या कार्यक्रमातील हे ध्वनिमुद्रण आहे. पेजने त्यातून प्रेक्षकांचा आवाज काढून टाकला आणि गिटारचे काही थर नव्याने चढवले. १९८२ च्या वेष्टनावर मात्र ते १९६९ मध्ये स्टुडिओत मुद्रित झाल्याची नोंद होती. २००३ मध्ये अल्बर्ट हॉलच्या त्या कार्यक्रमाचे चित्रीकरण डीव्हीडीवर आले आणि श्रोत्यांना दोन्ही ताडून पाहता आले. ‘कोडा’कडे पुन्हा कान देण्याची सवय अशा तुलनांतूनही लागली. विली डिक्सनचे ‘आय कान्ट क्विट यू बेबी’ हेही अल्बर्ट हॉलमधलेच. पहिल्या अल्बममधील त्याच गाण्याच्या रूपापेक्षा ते अधिक मोकळे आणि धारदार आहे.

‘पुअर टॉम’ १९७० चे. हे गाणे पुनर्मूल्यांकनाचे सर्वांत मोठे लाभार्थी ठरले आहे. वरवर ते साधे लोकगीताच्या वळणाचे वाटते. गिटार, हार्मोनिका आणि एक करुण कथा. पण खाली बॉनमने ड्रमवर जी लपेटदार, सतत सरकणारी चाल धरली आहे, ती गाण्याला पुढे ओढत नेते. एरवी घणाघाती वादनासाठी ओळखला जाणारा हा वादक किती हलक्या हाताचा होता, हे येथे कळते. तबल्याचा कायदा कान देऊन ऐकणाऱ्या श्रोत्याला या गाण्यातील गंमत कदाचित रॉकच्या श्रोत्याहून लवकर उमजेल.

‘वॉल्टर्स वॉक’ १९७२ चे. ‘हाऊसेस ऑफ द होली’ या अल्बमच्या वेळचा हा आराखडा. त्यावरील गायन बरेच नंतर, ‘कोडा’ तयार होताना भरले गेले असावे, असे मानले जाते. वादन तरुण आणि आवाज प्रौढ असा चमत्कारिक संयोग त्यात ऐकू येतो.

‘ओझोन बेबी’, ‘डार्लीन’ आणि ‘वेअरिंग अँड टेअरिंग’ ही तीन गाणी नोव्हेंबर १९७८ मध्ये स्टॉकहोमच्या पोलर स्टुडिओत, ‘इन थ्रू द आऊट डोअर’ या अल्बमच्या वेळी मुद्रित झाली. तेव्हा इंग्लंडमध्ये पंक संगीताची लाट होती आणि ‘लेड झेपेलिन’सारख्या बँडना म्हातारे, सुस्तावलेले म्हणून हिणवले जात होते. ‘वेअरिंग अँड टेअरिंग’ हे त्याला दिलेले उत्तर. त्याचा वेग आणि त्वेष पाहता हे गाणे १९७९ च्या अल्बममध्ये असते, तर त्या अल्बमचीही प्रतिमा बदलली असती, असे अनेक चाहते आता म्हणतात. १९७९ च्या नेबवर्थ येथील मोठ्या कार्यक्रमांच्या वेळी ते स्वतंत्रपणे प्रसिद्ध करण्याचा विचार झाला होता, पण तो तडीस गेला नाही. पुढे १९९० मध्ये त्याच नेबवर्थला पेज आणि प्लांट यांनी ते मंचावर सादर केले.

राहिले ‘बॉन्झोज माँत्रू’. सप्टेंबर १९७६ मध्ये स्वित्झर्लंडमधील माँत्रू येथे मुद्रित झालेली ही चार मिनिटांहून थोडी मोठी रचना केवळ ड्रमची आहे. बॉनमच्या वादनावर पेजने इलेक्ट्रॉनिक उपकरणांची प्रक्रिया केली आणि ठोक्यांमधून सुरांसारखे काही उमटू लागले. १९८२ मध्ये ही रचना अनेकांना भरतीची वाटली. ठोके कापून, जोडून, त्यांचा पोत बदलून संगीत घडवणे ही आता नेहमीची गोष्ट झाली आहे. आजच्या तरुण श्रोत्याला म्हणूनच ही रचना आधीच्या पिढीइतकी परकी वाटत नाही.

मुंबईच्या फिती

२०१४ आणि २०१५ या दोन वर्षांत पेजने बँडचे सर्व नऊ अल्बम नव्याने ध्वनिसंस्कार करून प्रसिद्ध केले. प्रत्येकासोबत पूर्वी न ऐकलेल्या मुद्रणांची जोड होती. ३१ जुलै २०१५ रोजी शेवटच्या तीन अल्बमांपैकी एक म्हणून ‘कोडा’ आला. इतर अल्बमांना जोड म्हणून एकेक तबकडी होती. सर्वांत दुर्लक्षित ‘कोडा’ला मात्र दोन मिळाल्या आणि त्यांत १५ मुद्रणे होती. आठ गाण्यांचा हा अल्बम २३ मुद्रणांचा दस्तऐवज झाला. बँडच्या आरंभापासूनचे सुटे धागे त्यात आले. ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ आणि ‘इन द लाइट’ यांसारख्या गाजलेल्या गाण्यांची कच्ची रूपेही आली.

यातच तिसऱ्या तबकडीच्या आरंभी दोन मुद्रणे आहेत. ‘फोर स्टिक्स’ या गाण्याचे ‘फोर हँड्स’ नावाचे रूप आणि ‘फ्रेंड्स’. दोन्हींपुढे वादक म्हणून ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’ असा उल्लेख आहे.

त्यामागची हकिगत अशी. १९७२ मध्ये पेज आणि प्लांट मुंबईत आले. भारतीय संगीताची ओढ दोघांनाही होती. पेजने तर तरुणपणीच सतार मिळवली होती. त्याआधी, जानेवारी १९६८ मध्ये, ‘बीटल्स’च्या जॉर्ज हॅरिसनने ‘वंडरवॉल म्युझिक’साठी मुंबईत भारतीय वादकांचे ध्वनिमुद्रण केले होते. त्यामुळे परदेशी संगीतकाराने येथे येऊन मुद्रण करणे अगदीच अपूर्व नव्हते. हॅरिसनने भारतीय वादकांकडून भारतीय ढंगाच्या रचना वाजवून घेतल्या होत्या. पेज आणि प्लांट यांनी आपलीच आधी प्रसिद्ध झालेली रॉक गाणी मुंबईच्या वादकांपुढे ठेवली आणि ती त्यांच्या वाद्यांवर कशी उमटतात, हे पाहिले.

या कामी त्यांना साहाय्य झाले ते बासरीवादक आणि संगीतकार विजय राघव राव यांचे. राव हे पंडित रविशंकर यांचे शिष्य. फिल्म्स डिव्हिजनच्या असंख्य माहितीपटांना त्यांनी संगीत दिले होते आणि मृणाल सेन यांच्या १९६९ च्या ‘भुवन शोम’ या चित्रपटाचे संगीतही त्यांचेच. भारतीय वाद्यवृंद बांधण्याचा त्यांचा अनुभव दांडगा होता. वादकांत सारंगीवादक सुलतान खान होते. १९७४ मध्ये हेच सुलतान खान रविशंकर यांच्या वाद्यवृंदात हॅरिसनच्या अमेरिका दौऱ्यावर गेले आणि २००० मध्ये ‘पिया बसंती’ या अल्बममुळे घराघरांत पोहोचले.

त्या मुक्कामात पेज आणि प्लांट यांनी कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ या डिस्कोथेकमध्ये स्थानिक वादकांना सोबत घेऊन काही गाणी वाजवल्याची आठवण मुंबईच्या जुन्या रॉक रसिकांत आजही आदराने सांगितली जाते. ‘लेड झेपेलिन’चा पूर्ण संच भारतात कधीच वाजला नाही. त्यामुळे मुंबईतील त्या रात्रीला आणि त्या फितींना दंतकथेचे वलय आले.

फिती मात्र त्यानंतर ४३ वर्षे अधिकृतपणे प्रसिद्ध झाल्या नाहीत. चोरट्या प्रतींमधून, घासलेल्या आवाजात त्या संग्राहकांमध्ये फिरत राहिल्या. मुंबईत मुद्रित झालेले संगीत ठाण्या-डोंबिवलीतल्या चाहत्याला ऐकायचे, तर ते परदेशातून प्रतीची प्रत होऊन येणाऱ्या कॅसेटवरच ऐकायला मिळणार, अशी ती विचित्र स्थिती होती.

ताल कुठे अडतो

या दोन मुद्रणांमध्ये नेमके काय घडते, हे समजले तर त्यांचे मोल कळते.

‘फ्रेंड्स’ हे १९७० च्या तिसऱ्या अल्बममधील गाणे. मूळ रूपातही त्यात तंतुवाद्यांची गूढ, पूर्वेकडे झुकणारी साथ आहे. गिटारच्या तारा नेहमीपेक्षा वेगळ्या सुरांत लावल्यामुळे एक स्वर सतत गुंजत राहतो. आपल्याकडे तंबोऱ्याचे जे काम, त्याच्याशी त्याचे नाते आहे. साहजिकच मुंबईच्या वादकांच्या हाती हे गाणे सहज रुळते. तालवाद्ये आणि तंतुवाद्ये गाण्याच्या अंगावर दागिन्यासारखी बाहेरून चढवलेली वाटत नाहीत. प्लांटचा आवाज त्यांच्यात मिसळून जातो.

‘फोर स्टिक्स’चे प्रकरण अवघड आहे. १९७१ च्या चौथ्या अल्बममधील या गाण्यात बॉनमने दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या घेऊन ड्रम वाजवला, म्हणून त्याचे हे नाव. गाण्यात पाच आणि सहा मात्रांचे गट आलटून पालटून येतात. विषम मात्रा भारतीय वादकाला नव्या नाहीत. झपतालाच्या दहा आणि रूपकाच्या सात मात्रा तो लीलया हाताळतो. मात्र आपल्याकडे ताल एकदा धरला की त्याचे आवर्तन फिरत राहते आणि सम ठरल्या जागी येते. येथे आवर्तनाची लांबीच गाण्याच्या मध्यावर बदलते. स्वरलिपी समोर ठेवून वाजवणारा पाश्चात्त्य वादक लिहिलेल्या खुणा पाहून वळण घेतो. आवर्तन मनात धरून वाजवणाऱ्याला ते वळण आधी अंगात मुरवावे लागते आणि त्याला वेळ लागतो.

‘फोर हँड्स’ ऐकताना ही वाटाघाट ऐकू येते. येथे गायन नाही. त्यामुळे लक्ष वादकांकडेच राहते. काही ठिकाणी वळण किंचित अवघडलेले आहे, काही ठिकाणी ते मूळ गाण्याहून अधिक डौलदार आहे. दोन संगीतपरंपरा एकमेकींना अजमावत असतानाचा हा क्षण आहे. चकचकीत, पूर्ण झालेल्या अल्बममध्ये असे क्षण सहसा पुसून टाकले जातात. कच्च्या मुद्रणांचे मोल असते ते यासाठीच.

या प्रयोगाचे पुढे काय झाले? ‘फिजिकल ग्राफिटी’मधील ‘कश्मीर’ हे बँडचे पूर्वेच्या छायेतील सर्वांत प्रसिद्ध गाणे १९७५ मध्ये आले. नाव ‘कश्मीर’ असले तरी त्याची प्रेरणा मोरोक्कोतील वाळवंटी प्रवासाची. तो बँड काश्मीरला गेलेला नव्हता. पुढे १९९४ मध्ये पेज आणि प्लांट यांनी ‘नो क्वार्टर’ या प्रकल्पात इजिप्शियन वादक आणि लंडनचा वाद्यवृंद सोबत घेऊन जुनी गाणी नव्याने मांडली. त्यात ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही दोन्ही गाणी होती. मुंबईत १९७२ मध्ये जी कल्पना अजमावली गेली, तिचेच हे बावीस वर्षांनंतरचे भव्य रूप. मुंबईच्या फिती तेव्हा लोकांसमोर नसल्याने हा धागा बहुतेकांना दिसला नाही. २०१५ नंतर तो स्पष्ट झाला.

नावांचा प्रश्न

‘कोडा’च्या पुनर्विचारातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा येथे येतो. ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’ या दोन शब्दांमागे माणसे आहेत. विजय राघव राव आणि सुलतान खान यांची नावे रसिकांना ठाऊक आहेत. इतर अनेकांची नावे सर्वसामान्य श्रोत्यापर्यंत पोहोचलेली नाहीत.

मुंबईच्या संगीतव्यवसायात ही गोष्ट नवी नाही. हिंदी आणि मराठी चित्रपटांची हजारो गाणी ज्या वादकांनी वाजवली, त्यांची नावे तबकडीच्या वेष्टनावर क्वचितच असत. गोव्याहून आलेले व्हायोलिनवादक आणि संयोजक, उत्तरेकडून आलेले सारंगिये, महाराष्ट्रातले ढोलकी आणि तबलावादक अशा कितीतरी जणांनी सकाळी एका आणि संध्याकाळी दुसऱ्या स्टुडिओत हजेरी लावून हा व्यवसाय तोलून धरला. गाण्याखाली नाव गायक, गीतकार आणि संगीतकाराचे. ‘फोर हँड्स’मध्ये तर गायकही नाही. जे काही ऐकू येते, त्यातील मोठा वाटा या वादकांचाच आहे.

काळाचा निष्ठुरपणा असा, की सुलतान खान आणि विजय राघव राव या दोघांचेही निधन नोव्हेंबर २०११ मध्ये झाले. ज्या फितींवर त्यांची कला होती, त्या अधिकृतपणे प्रकाशात आल्या त्या त्यानंतर जवळजवळ चार वर्षांनी. अनेक वर्षांपूर्वी केलेल्या एका कामाची जगाने घेतलेली दखल त्यांना पाहता आली नाही.

म्हणूनच हा पुनर्विचार चाहत्यांच्या छंदापुरता मर्यादित मानता येत नाही. अल्बम दुर्लक्षित राहिला, की त्यावर काम केलेल्या माणसांची नावेही त्याच्याबरोबर दुर्लक्षित राहतात. अल्बम पुन्हा ऐकला गेला, की कोणीतरी विचारते, हे सारंगी कोण वाजवत आहे? या प्रश्नापासूनच इतिहासाची दुरुस्ती सुरू होते.

मग निकाल काय?

‘कोडा’ हा बँडचा सर्वोत्तम अल्बम आहे, असे त्याचे कडवे समर्थकही म्हणणार नाहीत. ‘ओझोन बेबी’ आणि ‘डार्लीन’ ही गाणी ऐकायला प्रसन्न असली, तरी साधारणच आहेत. आठ गाण्यांच्या मूळ रूपातला तुटकपणा कितीही सहानुभूतीने ऐकले तरी जाणवतो. २३ मुद्रणांच्या विस्तारित रूपातही काही मुद्रणे केवळ अभ्यासकांच्या कामाची आहेत. मूळ गाणे आणि त्याचे किंचित वेगळे मिश्रण यांतला फरक सामान्य श्रोत्याला जाणवेलच असे नाही. जुन्या अल्बमांच्या विस्तारित आवृत्त्या हा ध्वनिमुद्रिका कंपन्यांसाठी किफायतशीर व्यवसाय आहे, हेही विसरून चालणार नाही. एकच गाणे तीनदा विकत घेण्याची चाहत्याची तयारी त्यांना पुरती ठाऊक असते.

असे असले, तरी मूळ शिक्का चुकीचा होता, असे म्हणायला जागा आहे. उरलेले म्हणजे टाकाऊ हे समीकरण ‘पुअर टॉम’ आणि ‘वेअरिंग अँड टेअरिंग’ यांनी खोटे ठरवले आहे. गाणी वगळली जातात त्याला अनेक कारणे असतात. तबकडीवर जागा नसते, शेजारच्या गाण्याशी सूर जुळत नाही किंवा प्रयोग काळाच्या थोडा पुढे असतो. दर्जा हे त्यांपैकी एक कारण, एकमेव नव्हे. मुंबईच्या फिती तर कोणत्याच अल्बमच्या चौकटीत बसत नव्हत्या. त्यांना सामावून घेईल असा एकच अल्बम होता, जो पहिल्यापासूनच चौकटीबाहेर होता.

ठाणे-डोंबिवलीच्या रसिकाला हा अल्बम नव्याने ऐकणे आता अवघड नाही. कॅसेटसाठी काळा घोड्याला जाण्याची किंवा परदेशातल्या नातेवाइकाला गळ घालण्याची गरज उरलेली नाही. विस्तारित ‘कोडा’ मोबाइलवर उपलब्ध आहे. ज्यांच्याकडे सगळा अल्बम ऐकण्याइतका वेळ नाही, त्यांनी आधी ‘पुअर टॉम’, मग ‘बॉन्झोज माँत्रू’ आणि शेवटी मुंबईची दोन मुद्रणे या क्रमाने ऐकावीत. मुंबईची दोन्ही मुद्रणे मिळून नऊ मिनिटांच्या आसपास होतात. डोंबिवलीहून धीमी लोकल सुटल्यावर ऐकायला घेतली, तर मुंब्रा येण्याच्या आत ती संपतात.

त्याच रुळांवरून, थोड्या अंतरावर असलेल्या शहरात, १९७२ मध्ये काही वादक एका अनोळखी गाण्याच्या पाच-सहा मात्रा जुळवत बसले होते. त्यांच्यापैकी अनेकांना ते कोणासाठी वाजवत आहेत, याची पुरती कल्पनाही नसेल. ते वादन आज अधिकृतपणे, स्वच्छ आवाजात उपलब्ध आहे. त्यातील सगळी नावेही एक दिवस तितकीच स्पष्ट व्हावीत, म्हणजे ‘कोडा’चा हा हिशेब पुरा होईल.